नकाशा नंतर उघडा: छोट्या, नव्या देशाचं परराष्ट्र धोरण कसं वाचायचं

गेल्या जुलैत वाळपईहून एक मुलगी कवळ्याला आमच्या घरी आली. वाळपई ते फोंडा एक बस, फोंड्याहून कवळ्याला दुसरी. पोचेपर्यंत तिची ओढणी पार भिजली होती, पण प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेली वही मात्र कोरडी. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचा निबंध, विषय तिमोर लेस्ते. सोप्यावर बसून तिने पहिलं वाक्य वाचून दाखवलं: ‘इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया या दोन बलाढ्य शेजाऱ्यांमध्ये सापडलेल्या तिमोर लेस्तेला परराष्ट्र धोरणात फारसा पर्याय नाही.’

मी विचारलं, ‘अगं, हे तू तिमोरबद्दल लिहिलंस की नकाशाबद्दल?’

‘बाई, पुस्तकांत असंच आहे.’

पुस्तकांत असंच असतं, खरं आहे. मी चौतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं आणि त्यातली पहिली पंधरा-सोळा वर्षं मीही फळ्यावर आधी नकाशाच काढायचे. छोटा देश, मोठे शेजारी, मग धोरण. पण त्या रीतीने गेलं की एक गोष्ट कधीच उलगडत नाही: शेजारी तेच, समुद्र तोच, आणि तरी त्याच देशाचं वागणं पाच वर्षांत बदलतं कसं? उत्तर घरात असतं. कोण निवडून आलं, कुणाशी कुणाचं जमेना, पैसा कुठून येतोय आणि तो कुणाला द्यावा लागतोय. त्या मुलीला मी जी रीत शिकवली ती इथे लिहिते. परीक्षेसाठी निबंध लिहिणाऱ्यांना उपयोगी पडेल आणि नुसतं वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनाही.

उदाहरण मी तिमोर लेस्तेचंच घेते, आणि त्याला कारण आहे. तेरा लाखांच्या आसपास वस्तीचा देश, म्हणजे आपल्या गोव्याएवढी माणसं. २०११च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख होतो. १८४४ पर्यंत तिमोरचा पोर्तुगीज कारभार गोव्याच्या हाताखाली चालायचा. आणि २५ एप्रिल १९७४ला लिस्बनमध्ये सैनिकांनी सत्ता उलथवली, तिचे धक्के दोन्हीकडे पोचले. आपल्याकडे त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालने भारताशी करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. तेरा वर्षं लिस्बन हे मान्य करत नव्हतं. दिल्लीने त्या वर्षी नवं काही केलं नव्हतं, बदललं होतं ते लिस्बनच्या घरात. तिमोरमध्ये त्याच घटनेने पक्ष उभे राहिले, १९७५च्या ऑगस्टमध्ये ते आपसात लढले, हरलेल्या बाजूचे पुढारी सीमेपलीकडे इंडोनेशियाकडे गेले, फ्रेतिलिन पक्षाने २८ नोव्हेंबरला स्वातंत्र्य जाहीर केलं आणि ७ डिसेंबरला इंडोनेशियाचं सैन्य दिली या राजधानीच्या शहरात उतरलं. तो ताबा चोवीस वर्षं टिकला.

गोवा हा स्वतंत्र देश नव्हता, त्यामुळे तुलना ताणू नका. पण घरातून बाहेर बघण्याचा डोळा मला गोव्यानेच दिला. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलाच्या वेळी मी नऊ वर्षांची होते. माझे बाबा फुलाला, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायला. काका दोन पानांना, म्हणजे वेगळं राहायला. त्या महिन्यात दोघे भाऊ एका पंगतीला बसले नाहीत. आई दोघांना वेगवेगळ्या वेळी वाढायची. गोव्याचं दिल्लीशी आणि मुंबईशी नातं कसं असावं, एवढा मोठा प्रश्न. पण आमच्या ओसरीवर तो वेगळ्याच रूपात आला. बाबा भाटकाराचे, म्हणजे जमीनदाराचे, कूळ होते आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या १९६४च्या कूळ कायद्यावर त्यांचा जीव होता. काका पणजीत नोकरीला. मुंबईचे लोक येतील आणि आपल्या जागा घेतील ही त्यांची धास्ती. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. या आकड्यांत माझ्या घरातली दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांमागे सरहद्द नव्हती, पोट होतं.

तर आता रीत.

सुरुवात एका निर्णयाने करा. ‘तिमोरचं परराष्ट्र धोरण’ असा विषय घेतला की हातात काही लागत नाही. ज्याच्यावर तारीख आहे, सही आहे, असा एकच निर्णय निवडा. वाळपईच्या मुलीने निवडला ६ मार्च २०१८चा ऑस्ट्रेलियाबरोबरचा सागरी सीमेचा करार. वहीचं पान आडवं धरून मी तिला रकाने आखायला लावले. पहिल्या रकान्यात फक्त एक प्रश्न: लढ्याच्या काळात कोण कुठे होतं?

नव्या देशाच्या बाबतीत हा रकाना सगळ्यात बोलका असतो, म्हणून इथे वेळ घालवा. जुन्या देशात परराष्ट्र खात्याची स्वतःची सवय तयार झालेली असते, फायली असतात, तीस-तीस वर्षं नोकरी केलेले अधिकारी असतात. नव्या देशात यातलं काही नसतं. असतात ती माणसं आणि त्यांच्या आठवणी. तिमोरमध्ये पाहा. मारी अल्कातिरी, पहिले पंतप्रधान: १९७५ ते १९९९ मोझांबिकमध्ये निर्वासित. जुझे रामुस-ओर्ता: चोवीस वर्षं न्यूयॉर्क, लिस्बन, सिडनी असे दारोदार हिंडून देशाची बाजू मांडणारे, १९९६च्या नोबेल शांतता पुरस्काराचे बिशप बेलोंबरोबरचे मानकरी. शनाना गुझमाव: डोंगरात गनिमी लढा, १९९२मध्ये पकडले गेले, मग जकार्तातल्या सिपिनांग तुरुंगात. फ्रान्सिस्कु गुतेरेस, ज्यांना सगळे लू-ओलो म्हणतात: डोंगरात अखेरपर्यंत. आणि यांच्या खाली एक सबंध पिढी, जी इंडोनेशियाच्या शाळांत आणि विद्यापीठांत शिकली.

हे लिहून झालं की प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी भरा: कोणती भाषा सहज येते, अडचणीत कुणी आसरा दिला, आणि कुणाबद्दल मनात सल आहे. मग निर्णय आपोआप ओळखीचे वाटू लागतात. २००२च्या स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांच्या आत क्यूबाचे डॉक्टर तिमोरच्या खेड्यांत पोचले आणि पुढे शेकडो तिमोरी मुलं वैद्यकी शिकायला क्यूबाला गेली. नकाशा उघडून बसलात तर याचा अर्थ लागणार नाही. क्यूबा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. पण सरकार फ्रेतिलिनचं होतं, पंतप्रधान मोझांबिकमध्ये वाढलेल्या चळवळीतले होते आणि त्या वर्तुळात क्यूबा हे घरचं नाव होतं. शिवाय खेड्यात डॉक्टर पाठवणं ही मतदाराला डोळ्यांनी दिसणारी गोष्ट. दोन्ही धागे घरातूनच निघतात.

भाषेचा निर्णयही याच रकान्यातला. २००२च्या राज्यघटनेने तेतुम आणि पोर्तुगीज या दोन भाषांना राजभाषा केलं, इंडोनेशियन आणि इंग्रजीला कामकाजाच्या भाषा म्हणून ठेवलं. निर्णय घेणारी पिढी पोर्तुगीज काळात शिकलेली. ज्या तरुणांचं सगळं शिक्षण इंडोनेशियन भाषेत झालं होतं त्यांना नोकरीच्या दारातच पोर्तुगीज आडवी आली आणि ते दुखावले. मी हे हळव्या मनाने लिहिते, कारण १९८७च्या राजभाषा कायद्याच्या आधीचे, कोकणी की मराठी या भांडणाचे दिवस गोव्यात मी पाहिलेत. भाषा ठरली की कुणाची मुलं कोणत्या खुर्चीवर बसणार तेही ठरतं. तिमोरात तर त्या पलीकडे जाऊन कोणता देश आपला मित्र तेही ठरलं: २००२मध्येच देश पोर्तुगीज भाषिक राष्ट्रांच्या समूहात दाखल झाला. पोर्तुगाल, ब्राझील, मोझांबिक, अंगोला हे सगळे एका दमात सोबती मिळाले. शेजारच्या आग्नेय आशियाई देशांच्या आसियान संघटनेत शिरायला मात्र तेवीस वर्षं लागली. ही तेवीस वर्षं फक्त तिमोरच्या मनावर अवलंबून नव्हती, आसियानमधल्यांनाही नवा गरीब सदस्य घ्यायची घाई नव्हती. हे विसरू नका, याच्याकडे मी पुढे परत येते.

दुसरा रकाना पैशाचा. इथे थोडक्यात आटपा, पण चुकवू नका. सरकारचा खर्च कशातून भागतो आणि तो कुणाकडे जातो, एवढंच लिहा. तिमोरच्या खर्चाचा मोठा भाग समुद्रातल्या तेल-वायूच्या पैशातून येतो. २००५मध्ये त्यासाठी पेट्रोलियम निधी स्थापन झाला. पैसा जातो लढ्यातल्या सैनिकांच्या निवृत्तिवेतनावर, रस्त्यांवर, विजेवर. मतदानाचं वय सतरा, देश तरुण, नोकऱ्या कमी. बायू-उंदान या क्षेत्रातला वायू पाइपने ऑस्ट्रेलियाच्या डार्विनला गेला आणि कारखान्यातल्या नोकऱ्याही तिकडेच झाल्या. हे वाक्य दिलीतल्या प्रत्येक निवडणुकीच्या मागे उभं असतं.

बाहेर गेलेली माणसंही याच रकान्यात येतात. माझा भाचा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेला, स्विंडनच्या एका गोदामात पाळीवर काम करायचा. त्याच्याबरोबर दोन तिमोरी मुलं होती, त्याच पासपोर्टवर आलेली. एकदा त्याने फोनवर मला हौसेने सांगितलं, ‘मावशे, ते ब्रेडला पाउन म्हणतात, खिडकीला जनेला!’ आपला पाव आणि आपलं जनेल. ती मुलं घरी पैसे पाठवायची. ब्रेक्झिटनंतर, २०२१पासून, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडचं दार पूर्वीसारखं उघडं राहिलं नाही, तेव्हा आमच्या वाड्यावरच्या घरांत जी काळजी होती तीच तिमोरच्या खेड्यांतही असणार. ऑस्ट्रेलियात हंगामी मजुरीला जाणाऱ्यांचं महत्त्व अशा वेळी वाढतं. सरकार ऑस्ट्रेलियाशी समुद्रावरून भांडत असतं तेव्हा त्याच सरकारला आपल्या मजुरांच्या व्हिशाचीही आठवण ठेवावी लागते.

तिसरा रकाना: सही कोण करू शकतो आणि कोण अडवू शकतो? हा रकाना बहुतेक मुलं रिकामा ठेवतात, कारण राज्यघटना वाचायचा कंटाळा येतो. निदान राष्ट्रपती, पंतप्रधान, संसद यांची कामं वाचाच. पोर्तुगालची छाप असलेल्या अनेक देशांत राष्ट्रपती थेट लोकांनी निवडलेला असतो आणि पंतप्रधान संसदेला बांधलेला. दोघे वेगवेगळ्या पक्षांचे निघाले की परराष्ट्र धोरणाला दोन तोंडं फुटतात. साओ तोमे आणि प्रिन्सिपे या बेटांच्या देशात १९९७मध्ये राष्ट्रपती त्रोवोआदांनी तैवानला मान्यता दिली आणि त्यांच्याच देशाच्या सरकारला ते पसंत नव्हतं. पुढे २०१६मध्ये तो देश परत चीनकडे गेला. वर्तमानपत्रात आलं ‘साओ तोमेने ठरवलं’. कुणी ठरवलं, हा प्रश्न तुम्ही विचारायचा.

आता चौथं काम, आणि माझ्या मते हेच सगळ्यात मोलाचं. दोन दिनदर्शिका शेजारी ठेवा. एका बाजूला देशाबाहेरच्या घडामोडी, दुसऱ्या बाजूला घरातल्या. वाळपईच्या मुलीच्या वहीत आम्ही हे तासभर केलं. पाऊस कौलांवर धो धो वाजत होता, वीज गेली होती, आणि ती मोबाइलच्या उजेडात तारखा लिहीत होती. ते पान मी इथे जसंच्या तसं उलगडते.

आधी पार्श्वभूमी. १९८९मध्ये ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिमोरच्या समुद्रावरून उडणाऱ्या विमानात बसून तिथलं तेल वाटून घेण्याचा करार केला. ज्यांचा समुद्र ते तेव्हा डोंगरात आणि तुरुंगात. मार्च २००२मध्ये, तिमोर स्वतंत्र व्हायच्या दोन महिने आधी, ऑस्ट्रेलियाने सागरी सीमांचे वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याची वाट स्वतःपुरती बंद केली. २० मे २००२ला, स्वातंत्र्याच्या पहिल्याच दिवशी, अल्कातिरींनी ऑस्ट्रेलियाशी करार केला; एका सामायिक पट्ट्यातलं उत्पन्न ९०:१० असं तिमोरच्या बाजूने वाटलं, पण सीमा ठरली नाही. तिजोरी रिकामी, देश जळलेला. पैसा आधी हवा होता. १२ जानेवारी २००६ला आणखी एक करार: ग्रेटर सनराइज या मोठ्या वायुक्षेत्राचं उत्पन्न निम्मं-निम्मं, आणि सीमेचा प्रश्न पन्नास वर्षं बाजूला.

इथे मुलीने पेन्सिल थांबवली. ‘बाई, पन्नास वर्षांवर सही केली, मग दहाच वर्षांत करार मोडायला का निघाले?’

शेजारी तेच होते. म्हणून घरातली दिनदर्शिका बघायची. २००६च्या एप्रिल-मेमध्ये सैन्यातून काढलेल्या सुमारे सहाशे जवानांवरून दिली पेटली; पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे अशी फूट पडली, लाखाहून जास्त माणसं घर सोडून पळाली, ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली परदेशी सैन्य शांततेसाठी आलं आणि जूनमध्ये अल्कातिरी पायउतार झाले. अशा घराला ऑस्ट्रेलियाशी भांडण काढायला बळ नसतं. पुढे गुझमाव पंतप्रधान झाले, तेलाचा पैसा येऊ लागला, निवृत्तिवेतनं सुरू झाली, राग निवळला. दरम्यान २००४च्या वाटाघाटींच्या वेळी ऑस्ट्रेलियाच्या गुप्तहेरांनी दिलीतल्या सरकारी खोल्यांत चोरून ऐकण्याची यंत्रं बसवल्याचा आरोप बाहेर आला. २०१३मध्ये तिमोरने हेगमध्ये दाद मागितली.

मग २०१४-१५. माझ्या मते सगळी गोष्ट इथे वळली. गुझमाव आणि अल्कातिरी या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांनी समझोता केला. अल्कातिरींकडे ओएकुसे या इंडोनेशियाच्या भूमीने वेढलेल्या तुकड्याचा विशेष कारभार आला. फेब्रुवारी २०१५मध्ये गुझमाव पंतप्रधानपदावरून बाजूला झाले आणि ती खुर्ची फ्रेतिलिनच्या रुई आरावजुंना मिळाली, गुझमाव मंत्री म्हणून राहिले. दोन्ही मोठे पक्ष एका ताटात जेवू लागले. मार्च २०१६मध्ये हजारो लोक दिलीतल्या ऑस्ट्रेलियाच्या वकिलातीसमोर उभे राहिले. पुढच्याच महिन्यात तिमोरने संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याखालची सक्तीची समेट प्रक्रिया सुरू केली, जी त्याआधी कुणीच वापरली नव्हती. जानेवारी २०१७मध्ये २००६चा करार संपवत असल्याचं जाहीर झालं. घरात विरोधक उरला नव्हता, म्हणून बाहेर धोका पत्करता आला.

तेवढ्यावर थांबू नका, कारण पुढचा भाग याहून शिकवणारा आहे. जुलै २०१७च्या निवडणुकीत फ्रेतिलिनला पासष्टपैकी २३ जागा, गुझमाव यांच्या सीएनआरटी पक्षाला २२. एका जागेने समझोता मोडला. अल्कातिरींचं अल्पमतातलं सरकार, त्याचा कार्यक्रम संसदेने फेटाळला, जानेवारी २०१८मध्ये संसद बरखास्त, १२ मेला पुन्हा मतदान. आणि या सगळ्यामध्ये, ६ मार्चला, न्यूयॉर्कमध्ये सीमेच्या करारावर सही. वाटाघाटींचे प्रमुख कोण? सरकारात नसलेले गुझमाव. अनेक महिने ते देशाबाहेर होते. ११ मार्चला दिलीत परतले तेव्हा रस्ते माणसांनी भरले होते. दोन महिन्यांनी त्यांच्या आघाडीला ३४ जागांचं बहुमत मिळालं. समुद्रातली रेषा आणि मतपेटी यांचं नातं याहून स्पष्ट क्वचित दिसतं.

त्या कराराने सीमा जवळजवळ दोन किनाऱ्यांच्या मधोमध आणली. ग्रेटर सनराइजच्या वायूचा पाइप तिमोरला आला तर उत्पन्नातले ७० टक्के तिमोरला, डार्विनला गेला तर ८० टक्के. आता साधा हिशोब करणारा म्हणेल, ८० घ्या. गुझमाव ७०च्या मागे लागले. पाइप आपल्या दक्षिण किनाऱ्यावर यावा, बंदर व्हावं, कारखाना व्हावा, पोरांना काम मिळावं. मध्ये सुमारे तीन हजार मीटर खोल दरी आहे आणि खर्चाबद्दल जाणकारांत मोठा वाद आहे. तरी २०१९मध्ये तिमोरने कोनोकोफिलिप्स आणि शेल या कंपन्यांचे या क्षेत्रातले हिस्से ६५ कोटी डॉलरना विकत घेतले. त्यासाठीचा कायद्यातला बदल राष्ट्रपती लू-ओलो यांनी नाकारला होता. संसदेने तो नकार मोडून काढला. तिसरा रकाना आठवा: लू-ओलो फ्रेतिलिनचे, संसद गुझमाव यांच्या बाजूची. हा झगडा तेलकंपन्यांशी जितका होता तितकाच दिलीतल्या दोन इमारतींमधला होता. मला स्वतःला पाइपच्या हट्टाची भीती वाटते, एवढा निधी एका आशेवर लावणं छोट्या देशाला झेपेल का असं वाटतं. पण जी माणसं विमानात झालेल्या कराराची गोष्ट ऐकत वाढली त्यांना ७० आणि ८० मधला फरक केवळ टक्क्यांचा वाटणार नाही, हेही मला पूर्ण पटतं.

दिनदर्शिका लावताना ३० ऑगस्ट या तारखेवर लक्ष ठेवा. १९९९मध्ये त्या दिवशी सार्वमत झालं आणि ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशियात राहायला नकार दिला. सीमेचा करार लागू झाला ३० ऑगस्ट २०१९ला. जागतिक व्यापार संघटनेचं सदस्यत्व मिळालं ३० ऑगस्ट २०२४ला. बाहेरचा करार घरच्या सणाला आणून बांधला जातो तेव्हा सरकार तो कुणाला दाखवत आहे ते कळतं.

आणि त्याच तारखेला एक काळा दिवसही आहे. पाचव्या रकान्यात मी लिहायला लावते: किंमत कुणी मोजली? सप्टेंबर १९९९मध्ये सुआई गावच्या चर्चमध्ये आश्रयाला आलेल्या माणसांची कत्तल झाली. त्या प्रकरणात आरोप असलेला मार्तेनुस बेरे हा टोळीप्रमुख २००९मध्ये सीमा ओलांडून सुआईत आला तेव्हा लोकांनीच त्याला ओळखलं आणि तो पकडला गेला. ३० ऑगस्ट २००९ला, सार्वमताच्या दहाव्या वाढदिवशी, सरकारने त्याला तुरुंगातून काढून इंडोनेशियाच्या ताब्यात दिलं. नकाशा म्हणेल, मोठा शेजारी, दुसरं काय करणार? पण घरात बघा. न्यायालयाला डावललं म्हणून विरोधकांनी अविश्वास ठराव आणला, तो पडला. इंडोनेशियाशी समेट हवा हे गुझमाव आणि रामुस-ओर्ता दोघांचं ठाम मत होतं. २००५मध्येच दोन देशांचा सत्य आणि मैत्री आयोग बसला होता. दुकानांतला माल इंडोनेशियाचा, मुलं तिथे शिकायला. समेट शहाणपणाचा असेलही. पण सुआईतल्या विधवांना कुणी विचारलं नाही आणि त्यांच्यामागे कोणताही मोठा पक्ष सत्तेत नव्हता. छोट्या देशाच्या ‘राष्ट्रहिता’त कोण मावत नाही, ते या रकान्यात दिसतं. तो रिकामा ठेवून निबंध माझ्याकडे आणलात तर मी परत देते.

शेवटी उलटा प्रश्न विचारून सगळं तपासा. खुर्चीवर दुसरा पक्ष असता तर निर्णय बदलला असता का? क्यूबाचे डॉक्टर: बहुधा आले नसते, निदान इतक्या लवकर नाही. पाइपचा हट्ट: बदलला असता, लू-ओलोंचा नकारच सांगतो. इंडोनेशियाशी सलोखा: सूर कदाचित वेगळा असता, दिशा तीच. आसियानसाठी अर्ज: तोही बहुधा कुणीही केला असता, आणि वेळ लागला तो दुसऱ्यांच्या मर्जीने. जिथे उत्तर ‘बदललं नसतं’ येईल तिथे प्रामाणिकपणे नकाशाला मान द्या. मी विद्यार्थ्यांना घरातून सुरुवात करायला सांगते, तेव्हा काही जण सगळंच घरावर ढकलतात. दिलीतल्या परराष्ट्र मंत्रालयाची इमारत चीनने बांधून दिली. भारतानेही २०२३मध्ये तिथे वकिलात उघडायचं ठरवलं आणि राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ऑगस्ट २०२४मध्ये तिथे गेल्या. छोट्या देशाकडे येणारे मोठे देश आपल्या गरजेने येतात. घर ठरवतं ते कुणाला बसायला पाट द्यायचा आणि कुणाला अंगणातून निरोप द्यायचा.

वाळपईच्या मुलीने पहिलं वाक्य खोडलं. नवं वाक्य तिने तिथेच लिहिलं: ‘६ मार्च २०१८ला करारावर सही झाली तेव्हा तिमोर लेस्तेत संसद बरखास्त होती.’ पाच वाजताची बस गाठायची म्हणून मी तिला छत्री देऊन पाठवलं. आता तिला दुसरं पान भरायचं आहे. तुम्हीही तेच घ्या: पहिल्या ओळीत २६ ऑक्टोबर २०२५, क्वालालंपूर, आसियानचा अकरावा सदस्य. तिच्या वर २०११, अर्जाचं वर्ष. मधल्या चौदा वर्षांत दिलीत कोण कोण पंतप्रधान होतं ते डावीकडे लिहून काढा आणि मग नकाशा उघडा.